पोटॅशियम हाय आलंय आणि सायकल पण सोडायची नाही? मग हे असं क्रमाने करा

मागच्या वर्षी जानेवारीत माझा रिपोर्ट आला, पोटॅशियम ५.९. लाल अक्षरात, शेजारी बाण वर. रविवारी पन्हाळा करून आलो होतो, वाघबीळपासून वरचा चढ दोनदा मारलेला, आणि सोमवारी सकाळी साडेसातला वार्षिक तपासणीचं रक्त दिलं. संध्याकाळी मोबाईलवर पीडीएफ आली तेव्हा रंकाळ्यावर होतो, तिथंच कठड्यावर बसून गुगल केलं आणि पहिलंच वाक्य आलं की हृदय बंद पडू शकतं. घरी आल्यावर बायकोने सायकलची चावीच काढून घेतली.

पुढे काय झालं ते सांगतोच, पण त्यानंतर आमच्या रविवारच्या ग्रुपमधल्या एकाचंही पोटॅशियम वाढलेलं निघालं आणि त्याचं मात्र खरंच वाढलेलं होतं. दोघांचे आकडे जवळपास सारखे, कारणं पूर्ण वेगळी. म्हणून नीट बैजवार लिहितोय, कारण आपल्याकडे सायकलवाले वाढलेत, त्यातले बरेच पंचेचाळीस-पन्नाशीचे, बीपी शुगरची गोळी चालू असलेले, आणि ‘केळी खा, शहाळं पी, इलेक्ट्रॉल मार’ हा सल्ला सगळ्यांना सरसकट दिला जातो. मी डॉक्टर नाही. माझे आणि मित्राचे डॉक्टर जे सांगत गेले, जे मी नंतर वाचून पडताळलं, तेच इथं आहे.

सगळ्यात आधी: आकडा बघून किती घाई करायची

रक्तातलं नॉर्मल पोटॅशियम साधारण ३.५ ते ५.०, काही लॅब ५.१ किंवा ५.३ पर्यंत धरतात. एकक एमईक्यू असो की मिलिमोल, आकडा तोच.

५.१ ते ५.४ असेल तर घाबरू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. अचानक ५.५ ते ५.९ आलं तर दोन-तीन दिवसांच्या आत परत तपासा. ६ किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, ईसीजी काढायचा आणि टेस्ट २४ तासांच्या आत परत. ६.५ किंवा जास्त म्हणजे सरळ हॉस्पिटल, रात्र असली तरी. आणि आकडा कितीही असू दे, छातीत धडधडतंय, ठोके चुकतायत, नाडी एकदम मंद झालीय, पायातला जोरच गेलाय, चक्कर येतीय असं काही असेल तर १०८ ला फोन लावा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. एक लक्षात ठेवा, पोटॅशियम वाढलेल्या बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे ‘मला तर काय त्रास नाही’ यावर विसंबून रिपोर्ट खिशात घालून फिरू नका.

पहिली पायरी: आकडा खरा आहे का ते बघा

माझं इथंच सुटलं. रक्त काढताना काय झालं होतं ते आठवलं. त्या मुलाला शीर सापडत नव्हती, दंडाला रबरी पट्टा करकचून बांधलेला, तो चार-पाच मिनिटं तसाच, आणि वर ‘काका, मूठ उघडा, बंद करा, अजून जोरात’. मी सायकलवाला, मुठीत जोर भरपूर, दाबत राहिलो. आता बघा, आपल्या अंगातलं ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं, त्यातही सगळ्यात जास्त स्नायूंमध्ये, रक्तात फिरतं ते अगदी थोडं. हाताचे स्नायू आवळले की ते पोटॅशियम बाहेर सोडतात आणि वर पट्टा बांधलेला असला की ते तिथंच साचतं. सुई नेमकी तिथंच टोचायची, म्हणजे आकडा वाढणारच! शिवाय सुईतून रक्त जोरात ओढलं, नळी जोरात हलवली तर तांबड्या पेशी फुटतात आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम सीरममध्ये, म्हणजे रक्ताच्या ज्या पातळ भागात ते मोजतात त्यात, मिसळतं. नमुना लॅबच्या यंत्रात फिरवून पेशी वेगळ्या न करता तासनतास तसाच पडून राहिला किंवा तसाच फ्रीजमध्ये ठेवला तरी आकडा चढतो. अंगात पोटॅशियम वाढलेलं नसतं, वाढलेलं असतं ते नळीत.

म्हणून परत टेस्ट देताना मी असं केलं. आदल्या दोन दिवसांत जोराची राईड नाही, जिम नाही, नुसतं चालणं. (६ किंवा त्याच्या वर असलेल्यांनी या दोन दिवसांची वाट बघू नये, त्यांनी लगेच द्यायची.) आदल्या दिवशी पाणी व्यवस्थित. लॅबमध्ये आधी दहा मिनिटं शांत बसलो आणि सांगितलं की मूठ आवळणार नाही, शीर सापडली की पट्टा लगेच सोडा, आणि नमुना आजच्या आज लावा. सांगायला संकोच वाटतो, पण सांगायचं. दुसऱ्यांदा ४.७ आलं.

आणि एक, त्याच वेळी क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती काम करतेय ते यावरून कळतं) पण करून घ्या, शुगर पण. पण त्याच्या आदल्या रात्री तांबडा-पांढऱ्यावर ताव मारून जाऊ नका, शिजवलेल्या मटणाने क्रिएटिनिन काही तास वाढलेलं दिसतं. मोठ्या राईडनंतर पाणी कमी पडलेलं असलं तरी ते वाढतं. मग एका खोट्या आकड्याच्या जागी दुसरा खोटा आकडा घेऊन बसाल.

सायकल चालवताना पोटॅशियमचं नेमकं काय होतं

हे समजलं की बाकीचं आपोआप कळतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

प्रत्येक पेडलला मांडीचा स्नायू आवळतो, आणि दरवेळी थोडं पोटॅशियम पेशीच्या बाहेर पडतं. पेशीच्या भिंतीवर सोडियम-पोटॅशियमचा पंप असतो तो ते लगेच आत ओढतो. सपाट रस्त्यावर कागलकडे निवांत जाताना पंप आणि गळती यांचं जमतं. पण बुधवार पेठेतून पन्हाळ्याच्या चढाला लागलात, कुणीतरी पुढे गेला म्हणून तुम्हीही उठून मारायला लागलात, की गळती पंपापेक्षा जास्त होते, आणि एकदम जीव तोडून केलेल्या व्यायामात रक्तातलं पोटॅशियम ६, ७ अगदी त्याच्याही वर जाऊ शकतं, निरोगी माणसात सुद्धा! थांबलं की काही मिनिटांत खाली येतं, कधीकधी सुरुवातीपेक्षाही खाली जातं. निरोगी हृदय हे सहन करतं, कारण त्या वेळी रक्तात ॲड्रेनलिन वाढलेलं असतं ते हृदयाला सांभाळतं आणि पोटॅशियम पेशीत ढकलायलाही मदत करतं. नियमित सराव करणाऱ्याच्या स्नायूत हे पंप वाढतात, त्यामुळे त्याच चढाला त्याचं पोटॅशियम कमी वाढतं. सरावाचा हा फायदा मला सगळ्यात आवडतो.

आता विचार करा, ज्याचं बसल्या जागी ५.७ आहे तो हाच चढ त्याच जोरात चढला तर सुरुवातच वरून होते. आणि तो प्रोप्रॅनोलॉलसारखा बीटा ब्लॉकर, म्हणजे ॲड्रेनलिनचा परिणाम अडवणारी गोळी, घेत असेल तर ॲड्रेनलिनची ती मदत पण कमी पडते. म्हणून खरंच वाढलेलं असेल तर कारण सापडून आकडा खाली येईपर्यंत चढ आणि स्प्रिंट बंद.

दुसरी पायरी: कुठून आलं ते शोधा

खाल्लेलं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम जवळपास ९० टक्के किडनी करते. किडनी धडधाकट असेल तर नुसत्या केळ्यांनी पोटॅशियम वाढून बसत नाही. त्यामुळे खरं वाढलेलं असेल तर पहिले दोन प्रश्न हेच, किडनी कशी आहे, आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत.

गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि मागचं बारीक नाव वाचा, दुकानातलं ब्रँडचं नाव नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन, रॅमिप्रिल, एनालाप्रिल ह्या बीपीच्या गोळ्या पोटॅशियम अडवून ठेवतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि एप्लेरेनोन तर जास्तच. लघवीच्या इन्फेक्शनला देतात त्यातलं ट्रायमेथोप्रिम, ट्रान्सप्लांटवाल्यांच्या सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस पण त्याच यादीत. आणि आपल्या सायकलवाल्यांची लाडकी, पेनकिलर. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन. गुडघा दुखतोय म्हणून राईडच्या आधी एक टाकायची सवय लई जणांना आहे. पाणी कमी पडलेलं असताना ही गोळी किडनीचा रक्तपुरवठा कमी करते, आणि सोबत टेल्मिसार्टनसारखी गोळी असेल तर दोन्ही मिळून किडनीची कोंडी करतात. दोनशे किलोमीटरच्या बीआरएमला (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड) साडेतेरा तास मिळतात, त्या साडेतेरा तासांत दोन-तीन पेनकिलर घेणारे मी बघितलेत. कळकळीने सांगतो, हे करू नका.

पण उलटं पण करू नका, म्हणजे हे वाचून बीपीची गोळी आपल्या मनाने बंद. ती गोळी तुमचं हृदय आणि किडनी वाचवायलाच दिलेली असते. डोस बदलायचा, गोळी बदलायची की दुसरी जोडायची हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही फक्त विचारायचं की ‘मी रविवारी चार-पाच तास सायकल मारतो, घाम भरपूर जातो, आणि जुलाब-उलट्या झाल्या तर त्या दिवशी ही गोळी घ्यायची का?’ बऱ्याच डॉक्टरांना पेशंट इतकी सायकल चालवतो हे माहीतच नसतं!

तिसरी जागा स्वयंपाकघर. घरात ‘लो सोडियम’ मीठ आलंय का बघा. पाकिटाच्या मागे पोटॅशियम क्लोराइड लिहिलेलं असतं. ज्याची किडनी चांगली आहे आणि बीपी आहे त्याला ते उपयोगी पडू शकतं, पण किडनी कमजोर असेल किंवा वरच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. मित्राच्या घरी हेच मीठ होतं, बीपीसाठी म्हणून काळजीनेच आणलेलं.

तिसरी पायरी: बाटली आणि पिशवीचा हिशोब

या मित्राचं वय चोपन्न, शुगर बारा वर्षांची, पोटॅशियम ५.७, नीट पद्धतीने परत केलं तर ५.८. ईजीएफआर पंचेचाळीसच्या आसपास, म्हणजे किडनीचं काम कमी झालेलं. तो रिपोर्ट यायच्या आधीच्याच रविवारी आम्ही वाघबीळला थांबलो होतो. त्याने हँडलची पिशवी उघडली ते डोळ्यासमोर आहे. सालीवर काळे ठिपके पडलेली दोन केळी, डबीत पाच-सहा खजूर, बाटलीत एक लिटर ओआरएस, आणि रस्त्याकडेला शहाळंवाला दिसला की ‘थांबा रे’. वर गुडघ्यासाठी एक डायक्लोफिनॅक.

याचा हिशोब आम्ही नंतर बसून केला. मध्यम केळ्यात साधारण ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम, दोनचे ८००. खजुरातून अडीचशेच्या आसपास. डब्ल्यूएचओच्या फॉर्म्युल्याचं ओआरएस असेल तर एका लिटरमध्ये २० मिलिमोल, म्हणजे जवळपास ७८०. शहाळ्याच्या पाण्यात १०० मिलिला अडीचशेपर्यंत असतं, एका शहाळ्याचे सहाशे धरा. झाले २४०० च्या वर, आणि अजून घरचं जेवण बाकी.

आणि घामातून गेलं किती? एका लिटर घामात पोटॅशियम जेमतेम १५० ते ३०० मिलिग्रॅम. थंडीतल्या तीन तासांच्या राईडला अडीच लिटर घाम धरला तरी पाचशेच्या आसपास गेलं. भरलं त्याच्या पाचपट. घामातून खरं जातं ते मीठ, म्हणजे सोडियम, लिटरला सरासरी ९०० मिलिग्रॅमच्या आसपास, माणसागणिक कमी-जास्त. जर्सी वाळल्यावर पाठीवर पांढरी नक्षी उमटते ना, ते हेच. किडनी चांगली असेल तर हे जादाचं पोटॅशियम लघवीतून निघून जातं, काही बिघडत नाही. मित्राच्या बाबतीत ते निघत नव्हतं.

पायात गोळे येतात म्हणून केळं, हे पण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण केळ्यातलं पोटॅशियम पोटातून रक्तात यायलाच अर्धा-एक तास लागतो, आणि गोळा तर दोन मिनिटांत ताणून, चोळून जातो. गोळे जास्त करून थकलेल्या, सराव नसलेल्या स्नायूला येतात. केळं खायचं तर भुकेसाठी खा.

मग बाटलीत काय? आधी आपला घाम मोजा. राईडच्या आधी लघवीला जाऊन कमी कपड्यात वजन, तासाभराने आल्यावर घाम पुसून परत वजन, आणि जेवढी घट आली त्यात मधे प्यालेलं पाणी मिळवायचं. एक किलो कमी म्हणजे एक लिटर घाम. एप्रिल-मेमध्ये एकदा आणि डिसेंबरमध्ये एकदा करा, फरक लई असतो.

दीड तासाच्या आतल्या राईडला साधं पाणी पुरतं. त्याच्या पुढे आम्ही एक लिटर पाण्यात पाव चमचा साधं मीठ, चहाचा चमचा, तीन मोठे चमचे साखर आणि अर्धं लिंबू असं करतो. लिंबाचं पोटॅशियम नगण्य आहे. शुगरवाल्यांनी साखर किती ते डॉक्टरांना विचारून, बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी मीठ किती ते विचारून. आणि तहानेपेक्षा जास्त पाणी ढोसू नका, त्याने रक्तातलं सोडियम खाली जातं, ती भानगड पोटॅशियमइतकीच वाईट. तयार पाकीट घेणार असाल तर मागे पोटॅशियम किती ते वाचा, पाकिटागणिक फरक पडतो. जुलाब-उलट्या झाल्या तर ओआरएसची गोष्ट वेगळी, तेव्हा ते औषधच आहे, पण किडनीवाल्यांनी तेव्हा सुद्धा डॉक्टरांना फोन करून प्यावं.

खाण्याचं

ज्यांना डॉक्टरांनी पोटॅशियम कमी करायला सांगितलंय फक्त त्यांच्यासाठी हे. बाकीच्यांनी फळं-भाज्या उगाच तोडू नका, त्यांना पोटॅशियम बीपीसाठी चांगलंच असतं.

राईडला पोहे, भात, भाकरी, साखर-पोळी चालते. चुरमुऱ्याचं भडंग चालतं, पण शेंगदाणे बाजूला काढून, शेंगदाण्यात १०० ग्रॅमला ७०० च्या आसपास असतं. फळ हवंच तर सफरचंद, त्यात १०० ग्रॅमला शंभरच्या आसपास. मनुका, खजूर, सुकं अंजीर म्हणजे पाणी काढून आटवलेलं फळ, पोटॅशियम तिथंच राहतं, मूठभर म्हणता म्हणता बरंच होतं. गुळातही साखरेपेक्षा जास्त असतं, छोटा खडा ठीक, पण पाण्यात ढेकूळ विरघळवून दिवसभर पिणं नको. राईडनंतरची मिसळ हा नाजूक विषय आहे! मोड आलेली मटकी, बटाटा, टोमॅटो, सुकं खोबरं, सगळी पोटॅशियमवाली मंडळी एका ताटात. मित्र आता महिन्यातून एकदा खातो, कट थोडा घेतो आणि त्या दिवशी बाकी जेवण साधं ठेवतो. त्याच्या आहारतज्ज्ञ बाईंनीच असं बसवून दिलंय. पांढऱ्या रश्शात नारळाचं दूध असतं हेही लक्षात असू दे.

बटाटा, रताळं पूर्ण बंद करायची गरज नसते. सोलून बारीक चिरायचं, भरपूर पाण्यात उकळायचं आणि ते पाणी फेकून द्यायचं, बरंच पोटॅशियम पाण्यासोबत जातं. पालेभाजीचं पण तसंच, ते पाणी आमटीत घालू नका.

चौथी पायरी: परत सायकलवर

मित्राची गोळी डॉक्टरांनी बदलली, पेनकिलर बंद, मीठ साधं, शहाळं बंद. दोन आठवड्यांनी ५.१. मग डॉक्टरांनी ईसीजी बघून सायकलला हो म्हटलं. पहिला महिना फक्त सपाट, रंकाळ्याच्या फेऱ्या आणि कळंबा तलावापर्यंत, बोलता येईल इतक्याच जोरात. पूर्ण वाक्य बोलताना धाप लागली की गिअर हलका. एकट्याने जायचं नाही. मग पन्हाळा, पण हलक्या गिअरमध्ये, मधे थांबत. वर पोचल्यावर एकदम थांबून बसायचं नाही, दहा मिनिटं हळू पेडल मारत राहायचं, कारण जोर थांबला की पोटॅशियम झपकन खाली येतं आणि ॲड्रेनलिन अजून चढलेलंच असतं, तो काळ हृदयाला अडचणीचा. शुगर खूप वाढलेली असेल त्या दिवशी राईड नाही. इन्सुलिन कमी पडलं की पोटॅशियम पेशीत जात नाही, बाहेरच राहतं. ताप, जुलाब असेल तरी नाही.

आणि राईडनंतर लघवीचा रंग बघा, हे प्रत्येकाने, किडनी कशीही असो. पिवळी गडद असेल तर पाणी कमी पडलंय. पण कोऱ्या चहासारखी किंवा कोलासारखी तपकिरी झाली, आणि मांड्या नुसत्या दुखत नाहीत तर सुजून कडक झाल्यात, तर स्नायू तुटून त्यातला माल रक्तात उतरतोय. त्यात पोटॅशियम झपाट्याने वाढतं आणि किडनी बंद पडू शकते. सराव नसताना उन्हात एकदम मोठं अंतर मारणाऱ्यांना हे होतं. झोपून बघू, सकाळी बघू असं करायचं नाही, त्याच तासाला हॉस्पिटल, आणि जाताना पेनकिलर घेऊ नका.

मित्र आता दर तीन महिन्यांनी टेस्ट करतो, बुधवारी किंवा गुरुवारी, रविवारच्या राईडपासून लांब. एका वहीत तारीख, पोटॅशियम, क्रिएटिनिन, गोळीचा डोस आणि त्या आठवड्यातले किलोमीटर लिहितो, डॉक्टर आधी ती वही बघतात मग त्याला. सायकलच्या सीटखालच्या पाकिटात त्याने एक कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय, त्यावर किडनीचा आजार, चालू गोळ्या आणि घरचा नंबर. मागच्या रविवारी वाघबीळला थांबलो तेव्हा त्याने डबी उघडली, दोन साखर-पोळ्या होत्या, एक मला दिली.